खाडीपट्ट्यातील नऊ शाळांची क्रीडा साखळी कशी उभारावी

शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात आणि सांघिक खेळांत त्या बाद पद्धतीने खेळवल्या जातात. राज्यभरातून एक विजेता निवडायचा असेल तर याहून सुटसुटीत मार्ग नाही, हे मान्य करावे लागेल. मात्र १६ शाळांच्या तालुक्यात ही स्पर्धा १५ सामन्यांत आटोपते आणि त्यांतील ८ शाळा पहिला सामना हरून, डबे खाऊन, दुपारच्या गाडीने परत निघतात. मुलींचा कबड्डी सामना १५ मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. म्हणजे पावसाळाभर कधी चिखलात तर कधी शाळेच्या पडवीत सराव केलेल्या मुलीच्या वाट्याला वर्षभरात खरा खेळ येतो तो अर्ध्या तासाचा. शेजारच्या नऊ माध्यमिक शाळांनी आपली स्वतःची साखळी स्पर्धा चालवली, तर हीच मुलगी एका हंगामात आठ सामने खेळते. अशी साखळी कशी उभारावी, हे येथे मंडणगड, दापोली आणि गुहागर या परिसरात काम करताना जे कळले त्याच्या आधारे मांडले आहे. खेळ प्रामुख्याने कबड्डी धरला आहे. खो-खोला हीच व्यवस्था थोड्याफार फरकाने लागू पडते.

गट तालुक्याने नव्हे, गाडीने आखावा

पहिली चूक होते ती नकाशावर. तालुका हा कागदावरचा सोयीचा विभाग आहे. किनाऱ्यावर खरी हद्द खाडीची असते आणि खरे अंतर एसटीच्या वेळापत्रकाचे असते. दाभोळ दापोली तालुक्यात आहे आणि धोपावे गुहागर तालुक्यात. दोन्ही गावे वाशिष्ठीच्या मुखाशी समोरासमोर आहेत, फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे जाता येते, आणि बोट बंद असेल तर मात्र दापोली, खेड, चिपळूण असा १०० किलोमीटरहून अधिक लांबीचा वळसा पडतो. तवसाळ आणि जयगड यांची गोष्ट तीच. वेसवी आणि बागमांडला यांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. वेसवी रत्नागिरी जिल्ह्यात आणि बागमांडला रायगड जिल्ह्यात. रत्नागिरी जिल्हा क्रीडा स्पर्धांसाठी कोल्हापूर विभागात मोडतो आणि रायगड मुंबई विभागात. त्यामुळे एकमेकींच्या शाळेची घंटा वाऱ्यावर ऐकू येईल इतक्या जवळच्या दोन शाळांतील मुलांची शासकीय स्पर्धेत गाठ पडायची तर ती थेट राज्य पातळीवरच. आपली साखळी या हद्दींनी बांधलेली नसते, हाच तिचा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि तो सुरुवातीलाच घ्यावा.

गट आखण्यासाठी एक साधी कसोटी वापरावी: सकाळी घरून निघालेली मुलगी साडेनऊपर्यंत मैदानावर पोचली पाहिजे आणि दिवेलागणीपूर्वी घरी परतली पाहिजे. प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकाने आपल्या गावातून सकाळी निघणाऱ्या पहिल्या दोन गाड्या, परतीची शेवटची गाडी आणि लागू असेल तेथे फेरीबोटीची पहिली व शेवटची फेरी एका कागदावर लिहून आणावी. हे नऊ कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की गट आपोआप दिसू लागतो.

हे मी आज सहज लिहितो आहे, पण आमच्या पहिल्या हंगामात शेवटचा सामना लांबला आणि मी बारा मुलींना घेऊन जेटीवर पोचलो तेव्हा शेवटची फेरी निघून गेली होती. पलीकडच्या काठावर पालक उभे होते, त्यांच्या विजेऱ्या हलताना दिसत होत्या, आणि आम्हाला मिळालेल्या टेम्पोने घाटरस्त्याने घरी पोचायला मध्यरात्र झाली. त्या वर्षापासून सामन्यांच्या वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत परतीच्या गाडीची वेळ लिहिली जाते आणि सामन्यांची वेळ तिच्यावरून मागे मोजत ठरवली जाते.

सभासद शाळा आणि त्यांचा करार

नऊ ही संख्या का, हे पुढे वेळापत्रकात येईल. शाळा निवडताना पटसंख्या पाहून कोणालाही वगळू नये. किनाऱ्यावरील अनेक माध्यमिक शाळांची पटसंख्या दरवर्षी घटते आहे. मुंबईला गेलेले कुटुंब गणपतीला येते, पण मुले तिकडच्या शाळेत असतात. अशा शाळेत १७ वर्षांखालील बारा मुली मिळणे कठीण होते. तेथे दोन उपाय आहेत. कबड्डीत प्रत्यक्ष मैदानावर सात खेळाडू लागतात, तेव्हा आठ किंवा नऊ खेळाडूंचा संघही साखळीत स्वीकारावा. किंवा जवळच्या दोन लहान शाळांना मिळून एक संयुक्त संघ उतरवण्याची मुभा द्यावी आणि दोन्ही शाळांची नावे गुणतक्त्यावर लिहावीत. माझे मत विचाराल तर पहिला उपाय अधिक बरा, कारण संयुक्त संघाचा सराव कोठे घ्यायचा यावरून दोन मुख्याध्यापकांत जी पत्रापत्री होते ती खेळापेक्षा जास्त दमवते. तालुक्यातील नेहमीची विजेती शाळा एक असावी. अशा दोन असल्या की उरलेल्या सात शाळांना हंगाम सुरू होण्यापूर्वीच आपली जागा कळते.

करार दोन पानांचा पुरतो. त्यात सभासद शाळांची नावे, खेळ, वयोगट, सामन्यांचे दिवस, खर्चाची वाटणी, पंचांची व्यवस्था, तक्रारीची पद्धत आणि साखळीतून बाहेर पडण्याची मुदत एवढे असावे. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि संस्थेचा ठराव घ्यावा. केवळ क्रीडाशिक्षकांच्या मैत्रीवर साखळी उभी केली तर पहिल्या बदलीबरोबर ती मोडते. तालुक्याच्या मुख्याध्यापक संघाच्या सभेत विषय मांडून घेतला तर पुढची वाट सोपी होते. माध्यमिक विभागाचे शिक्षणाधिकारी, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि तालुका क्रीडा संयोजक यांना पत्र देऊन उपक्रमाची माहिती कळवावी, म्हणजे शासकीय स्पर्धांच्या तारखाही वेळेवर कळतात. संस्था नोंदणीची घाई करू नये. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदणीला किमान सात व्यक्ती लागतात आणि त्या मिळतीलही, पण त्यापाठोपाठ वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण आणि बदल अर्ज येतात. दोन हंगाम नीट पार पडेपर्यंत एका शाळेने निमंत्रक व्हावे आणि दरवर्षी ते पद फिरते ठेवावे.

पालकांना एक गोष्ट पहिल्याच सभेत स्पष्ट सांगावी. दहावी-बारावीच्या परीक्षेत मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण हे शासनाने ठरवून दिलेल्या स्पर्धांतील कामगिरीवर मिळतात. आपल्या साखळीच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाहीत. हे आधी सांगितले नाही, तर फेब्रुवारीत कोणी ना कोणी प्रमाणपत्र घेऊन कार्यालयात येतोच.

चार शनिवार, छत्तीस सामने

नऊ शाळांनी प्रत्येकीशी एकदा खेळायचे म्हटले तर ३६ सामने होतात. दर सामन्याला एक प्रवास असा हिशेब केला तर ही साखळी पहिल्याच महिन्यात बंद पडेल. उपाय तिरंगी मेळाव्याचा आहे: एका मैदानावर तीन शाळा जमतात, आपसांत तीन सामने खेळतात आणि प्रत्येक शाळा एका प्रवासात दोन सामने उरकते. नऊ शाळा तीन-तीनच्या ओळींत लिहाव्यात. पहिल्या ओळीत १, २, ३ या उत्तरेकडच्या शाळा; दुसऱ्या ओळीत ४, ५, ६ या मधल्या; तिसऱ्या ओळीत ७, ८, ९ या दक्षिणेकडच्या. पहिल्या शनिवारी आडव्या ओळी खेळतात, म्हणजे १-२-३, ४-५-६ आणि ७-८-९. दुसऱ्या शनिवारी उभ्या ओळी: १-४-७, २-५-८, ३-६-९. तिसऱ्या शनिवारी एका बाजूने तिरके: १-५-९, २-६-७, ३-४-८. चौथ्या शनिवारी दुसऱ्या बाजूने तिरके: १-६-८, २-४-९, ३-५-७. कोणत्याही शाळेची ओळ तपासून पाहावी. चार शनिवारांत तिची उरलेल्या आठही शाळांशी बरोबर एकदा गाठ पडलेली दिसेल. आठ शाळांत किंवा दहा शाळांत हे इतके चपखल बसत नाही, म्हणून नऊचा आग्रह.

या मांडणीत आणखी एक सोय दडलेली आहे. पहिला शनिवार शेजाऱ्यांचा असल्याने त्या दिवशी कोणालाही खाडी ओलांडावी लागत नाही आणि नव्या व्यवस्थेतील चुका घरच्या घरी कळतात. पुढच्या तिन्ही शनिवारी प्रत्येक गटात उत्तरेची एक, मधली एक आणि दक्षिणेची एक अशाच शाळा येतात. त्यामुळे यजमानपद नेहमी मधल्या शाळेकडे दिले, तर कोणताही संघ या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. ४, ५ आणि ६ या तीन शाळांवर मात्र तीन वेळा मैदान आखण्याचा, पाण्याचा आणि जेवणाचा भार पडतो, आणि तो त्यांच्या शिपायांपासून स्वयंपाकाच्या मावशींपर्यंत सर्वांना जाणवतो. पहिली दोन वर्षे हे चालवून घ्यावे आणि बदल्यात मधल्या शाळांची प्रवेश वर्गणी माफ करावी. पुढे सवय झाली की यजमानपद फिरवता येईल, पण तेव्हाही फेरीबोटीचा कागद आधी पाहावा.

एका मैदानावरचा दिवस असा बसवावा. मुलग्यांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ प्रत्येक शाळा आणते, तेव्हा एकूण सहा सामने होतात. साखळीत मुलग्यांनाही १५ मिनिटांचीच सत्रे ठेवावीत, कारण त्यांना एका दिवसात दोनदा उतरायचे असते. मधली ५ मिनिटे आणि विश्रांतीचे क्षण धरून एका सामन्याला पाऊण तास लागतो. आधी अ विरुद्ध ब मुलगे, मग त्याच शाळांच्या मुली, नंतर ब विरुद्ध क मुलगे, मग मुली, आणि शेवटी अ विरुद्ध क याच क्रमाने. अशाने कोणताही संघ लागोपाठ दोन सामने खेळत नाही. आता ज्या शाळेची परतीची गाडी सर्वांत लवकर आहे तिला ब या जागी बसवावे. तिचे चारही सामने तीन तासांत संपतात आणि साडेनऊला सुरुवात झाली असेल तर ती जेवून दुपारी निघू शकते. वस्तीच्या गाडीने परतणारे आणि यजमान शाळा यांनी शेवटचे सामने घ्यावेत.

दिवस शनिवारच का, असे अनेकदा विचारले जाते, कारण रविवारी वर्ग बुडत नाहीत. परंतु शाळेच्या वेळेच्या एसटी फेऱ्या रविवारी बहुतेक मार्गांवर नसतात, आणि शनिवारी शाळा तशीही सकाळच्या एका सत्राची असते.

हंगाम कोणता

जून ते सप्टेंबर हा काळ साखळीसाठी विसरावा. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात मैदान म्हणजे तळे असते, जुलैत लावणीसाठी मुले शेतावर असतात, आणि गणपतीची सुट्टी हा कोकणात वादाचा विषयच नाही. ऑगस्टपासून शासकीय स्पर्धाही सुरू होतात. ऑक्टोबरात भातकापणी येते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा मध्य हा आपला काळ. या काळात देवदिवाळीपासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि डिसेंबरात स्नेहसंमेलने असतात, तेव्हा नऊ गावांच्या जत्रांच्या तारखा आधी मागवून घ्याव्यात. चार शनिवार सामन्यांचे आणि एक राखीव असे पाच शनिवार धरावेत. जानेवारी उलटला की बारावीची, मग दहावीची परीक्षा आणि त्यापाठोपाठ शिमगा; तेथे ढकललेला सामना पुन्हा होत नाही.

मैदान

पावसानंतर तांबडी माती बसते, पण तिच्यातून जांभ्याचे खडे वर येतात आणि कबड्डीत गुडघे फुटतात ते या खड्यांनी. पहिल्या सामन्याच्या पंधरा दिवस आधी मैदान वरवर उकरून, खडे वेचून, चाळलेली माती पसरावी, संध्याकाळी पाणी मारावे आणि दुसऱ्या दिवशी ओल असताना धुमसाने चोपावे किंवा ग्रामपंचायतीकडून रोलर मिळाला तर तो फिरवावा. खळे धरण्याची सवय असलेल्या एखाद्या शेतकरी पालकाला बोलावले तर तो हे काम आपल्यापेक्षा चांगले करतो, असा माझा अनुभव आहे.

आखणी करताना काटकोन डोळ्यांनी साधू नये. मुलींचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते. चारही कोपऱ्यांत खुंट्या मारल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांतील तिरके अंतर टेपने मोजावे. दोन्ही वेळा ते १४ मीटर ४२ सेंटिमीटर आले तरच मैदान चौकोनात आहे. १३ बाय १० मीटरचे मैदान आखायचे असेल तर हेच अंतर १६ मीटर ४० सेंटिमीटर येते. मुलींच्या मैदानावर मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा आणि त्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा येते. दोन्ही बाजूंची १ मीटर रुंदीची लॉबी ८ मीटरच्या आतच धरायची असते, बाहेर नव्हे. रेषांसाठी कळीचा चुना कधीही वापरू नये. पकडीत खेळाडूचा चेहरा थेट रेषेवर येतो आणि चुना डोळ्यांत किंवा खरचटलेल्या कातडीवर गेला की भाजतो. रांगोळी किंवा खडूची फक्की पुरते, फक्त प्रत्येक सामन्यानंतर ती पुन्हा मारावी लागते. त्यासाठी यजमान शाळेच्या आठवीतील दोन मुले नेमून ठेवावीत.

मैदानाच्या कडेला पिण्याचे पाणी, क्षारसंजीवनीची पाकिटे, बर्फ आणि पट्ट्यांची पेटी असावी. सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नेमकी कोणत्या रस्त्याने मैदानापर्यंत येऊ शकते, हे यजमान शिक्षकाने आदल्या दिवशी पाहून ठेवावे. मोबाईलची रेंज मैदानावर मिळत नसेल, आणि अनेक वाड्यांत ती मिळत नाही, तर ती जेथे मिळते तेथे एक माणूस बसवावा.

पंच, गुण आणि तक्रारी

नियमाप्रमाणे कबड्डीला एक सरपंच म्हणजे मुख्य पंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. शाळांच्या साखळीत इतकी माणसे बाहेरून आणणे परवडत नाही, परंतु तिरंगी मेळाव्यात तिसरी शाळा नेहमी रिकामी असते. अ आणि ब खेळत असताना सरपंच क शाळेचा, गुणलेखकही क शाळेचा, आणि दोन पंच खेळणाऱ्या शाळांचे एकेक, ही व्यवस्था आम्हाला सर्वांत कमी भांडणांची वाटली. क शाळेचे वरच्या वर्गातील विद्यार्थी सहायक गुणलेखक म्हणून बसवावेत. खेळाडूला नियम पुस्तकातून जितके कळत नाहीत तितके एकदा गुणपत्रक भरताना कळतात. चढाईची ३० सेकंदे मोजण्यासाठी शिट्टीवर विसंबू नये, एका विद्यार्थ्याच्या हाती वेगळे घड्याळ द्यावे. सामन्यापूर्वी पंचांनी प्रत्येक खेळाडूची नखे पाहावीत आणि अंगाला तेल लावलेले नाही याची खात्री करावी.

गुणतक्त्यासाठी प्रो कबड्डीने २०१४ मधील पहिल्या हंगामापासून २०२४ पर्यंत जी पद्धत वापरली ती शाळांनाही चांगली लागू पडते: विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरणाऱ्या संघाला १ गुण. त्या एका गुणामुळे वीस गुणांनी मागे पडलेला संघही शेवटच्या मिनिटापर्यंत पकडी करत राहतो, आणि नवख्या शाळेच्या तक्त्यावर शून्याऐवजी काहीतरी आकडा दिसतो. दोन शाळांचे गुण समान झाल्यास आधी त्यांच्या परस्पर सामन्याचा निकाल, मग एकूण गुणफरक पाहावा. हे करारातच लिहून ठेवावे. हंगामाच्या शेवटी ठरवायला बसले तर प्रत्येकाला आपल्याला सोयीचा नियम आठवतो.

मैदानावरील निर्णय सरपंचाचाच आणि तो अंतिम, हे एकदा ठरले की उरतात त्या वयाच्या तक्रारी. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात आणि वय ३१ डिसेंबर या तारखेने मोजतात; साखळीनेही तेच पाळावे, म्हणजे मुलांची एकदा केलेली कागदपत्रे दोन्हीकडे चालतात. आमच्याकडे एका वर्षी सामना ऐन रंगात असताना एका पालकाने समोरच्या खेळाडूच्या वयावर बोट ठेवले, सामना थांबला, मुलगा रडकुंडीला आला, आणि सोमवारी कागद पाहिले तेव्हा तो वयात बसत होता. तेव्हापासून सर्व शाळांनी जनरल रजिस्टरचा मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलेला उतारा, छायाचित्रासह, हंगामापूर्वी निमंत्रक शाळेकडे द्यायचा, तो इतर आठ शाळांनी आठवडाभरात पाहायचा, आणि त्यानंतर वयाची तक्रार घ्यायची नाही असा नियम आहे. छायाचित्रे आणि जन्मतारखा व्हॉट्सॲप गटावर फिरवू नयेत; कागद निमंत्रक शाळेत ठेवावेत आणि पाहायला तेथेच जावे. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका असलीच पाहिजे आणि प्रत्येक प्रवासासाठी पालकांचे लेखी संमतिपत्र हवे, यात सवलत नाही.

खर्च

खर्च मुख्यतः प्रवासाचा असतो. विद्यार्थ्यांचा मासिक पास घर ते शाळा या मार्गाचा असतो, तो सामन्याच्या गावी चालत नाही, हे मुलांना आधी सांगावे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा संघ साध्या गाडीने स्वस्तात जातो. दोन्ही संघ मिळून जात असतील तर प्रासंगिक करारावर गाडी घेण्याचा भाव आगारात विचारून दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. दुपारच्या जेवणाला यजमानांनी डाळ-भात आणि एक भाजी द्यावी, भाकऱ्या पाहुण्यांनी आणाव्यात. मुंबईकर मंडळे मदत करायला तयार असतात, मात्र त्यांना चषक द्यायचा असतो. त्यांना नम्रपणे सांगावे की चषक एकच पुरे, गुडघ्याच्या पट्ट्या आणि प्रथमोपचाराच्या नऊ पेट्या हव्या आहेत, आणि त्या पेट्यांवर मंडळाचे नाव ठळक रंगवून देऊ.

शेवटचा दिवस: पुळणीवरील शर्यती

चार शनिवार झाले की सर्व नऊ शाळा एकत्र येतील असा एक दिवस मैदानी स्पर्धांचा ठेवावा. कोकणात येथे खरी अडचण येते, कारण १०० मीटरची सरळ धावपट्टी निघेल इतके सपाट मैदान फार थोड्या शाळांकडे आहे. डोंगर उतारावर चिरे रचून काढलेल्या पटांगणात ६० मीटरवर गडगा येतो. परंतु गुहागर, कर्दे, मुरुड अशा लांब किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी ओल्या, कडक वाळूचा जो पट्टा उघडा पडतो तो उत्तम धावपट्टी होतो.

दिवस मात्र दिनदर्शिकेने नव्हे, पंचांगाने ठरवावा. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी शर्यती घेण्याचा मोह होतो, पण समुद्र राज्य क्रीडा दिन पाळत नाही. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा हिशेब असा: तिथीचा अंक पाऊणपट केला की भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, आणि सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी दहाच्या आसपास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. तेव्हा चतुर्थी किंवा पंचमीला येणारा जानेवारीतील दिवस निवडावा, छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून खात्री करावी आणि आदल्या आठवड्यात कोळीवाड्यात जाऊन एखाद्या तांडेलाला विचारावे. गावागावाच्या वेळेत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि तो त्यालाच ठाऊक असतो.

धावपट्टी पाण्याच्या रेषेला समांतर आखावी. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे आठ पट्ट्या काढल्या तर वरच्या पट्टीतला मुलगा भुसभुशीत वाळूत आणि खालचा पाण्यात धावतो. प्रत्येक पट्टी १.२२ मीटर रुंद धरून चारच पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे एकूण पाच मीटरपेक्षा थोडा कमी पट्टा लागतो आणि तेवढ्यात वाळू सगळीकडे सारखी मिळते. टाच दाबून पाहावी; ठसा बोटाच्या पेराइतका उमटला तर जागा योग्य आहे, टाच बुडली तर आणखी खाली सरकावे. शिंपले आणि काचा वेचण्यासाठी नऊ शाळांतून दोन-दोन मुलांची रांग सकाळी सातला पट्ट्यावरून चालवावी. सगळे अनवाणी धावतात, त्यामुळे बुटांवरून श्रीमंत-गरीब दिसत नाही. वेळा घड्याळात नोंदवाव्यात, पण त्यांची मैदानावरील वेळांशी तुलना करू नये आणि विक्रम म्हणून तर मुळीच छापू नयेत, कारण पुढच्या वर्षी वाळू तशीच नसेल. लांब उडी वरच्या कोरड्या वाळूत घ्यावी.

प्राथमिक फेऱ्या ओहोटीच्या दीड तास आधी सुरू कराव्यात, कारण पाणी ओसरत असताना पट्टा रुंदावत जातो आणि चुकले तरी सावरता येते. १०० मीटर, मग २०० मीटर सरळ रेषेत, आणि शेवटी ४ बाय १०० ची रिले. रिलेलाही वळण नको, दोन टोकांना दोन-दोन धावपटू उभे करून ये-जा पद्धतीने ती घ्यावी. पाणी तळाला पोचल्यावर तासाभराच्या आत शेवटची शर्यत सुटली पाहिजे. ती सुटल्याबरोबर दोन शिक्षकांनी दोन टोकांपासून झेंडे आणि दोऱ्या गुंडाळत मधे यावे आणि मुलांची शाळावार मोजणी वरच्या सुरूंच्या बनात करावी. नऊही शाळांचे आकडे जुळल्याशिवाय बक्षिसांची पेटी उघडू नये.